गाडीचे खांदे

पितळी तांब्यातलं पाणी मोटारीच्या टपावर ओतलं की ते आधी क्षणभर तिथेच थबकत असे. मग गोठ्याच्या कौलांतून उतरलेला कोवळा उजेड अंगावर घेऊन पुढच्या काचेवरून, बॉनेटच्या उतारावरून हलकेच ओघळत खाली येई, आणि येताना आदल्या दिवशीच्या वाटेवरची तांबडी मुरमाड धूळ सोबत घेऊन येई. त्या घटकेला स्वतःचा एक वास होता. भिजल्या मुरमाचा, धुऊन धुऊन विरलेल्या धोतराचा, त्यामागे दबून राहिलेला पेट्रोलचा, आणि या सगळ्यांच्या तळाशी, तिथे पूर्वी बांधल्या जाणाऱ्या बैलांचा. बैल जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण गोठ्याच्या मातीच्या भिंतींनी त्यांचा वास काही सोडला नव्हता. आज इतक्या वर्षांनी, शहरातल्या या तिसऱ्या मजल्यावर, खाली कुणी बादली आपटली तरी मला ब्रह्मपुरीचा तो गोठा आठवतो आणि हात नकळत सरळ रेषेत, समोरून मागे, असा फिरू लागतो.

मोटार धुण्याचं काम माझ्या वाट्याला येईल असं लग्नाच्या वेळी कुणी सांगितलं असतं तर मी मांडवातूनच परत फिरले असते. मी अमरावतीच्या एका शाळामास्तरांची मुलगी. माझ्या माहेरी वाहन म्हणून वडिलांची सायकल, आणि तीही त्यांनी कधी पुसल्याचं मला स्मरत नाही. लग्न होऊन ब्रह्मपुरीला आले ती नव्या डॉक्टरांची बायको म्हणून. चांदा जिल्ह्याच्या या धानपट्ट्यात तेव्हा डॉक्टर विरळा, रस्ते त्याहून विरळ, आणि मोटार तर बोटावर मोजावी अशी. त्यांतली एक आमच्या गोठ्यात येऊन उभी राहिली ती यमुनाबाईंमुळे.

यमुनाबाई म्हणजे गावच्या जुन्या मालगुजारांच्या पत्नी. मालगुजारी कायद्याने गेली, आणि तिच्या मागोमाग थोड्याच दिवसांत मालगुजारही गेले. मूलबाळ नव्हतं. मागे राहिली ती ही मोटार, दुधावरच्या सायीच्या रंगाची, नागपुराहून हौसेने आणलेली. मालगुजारांच्या घरी माणसांची वाण नव्हती, पण मोटार ते स्वतःच्या हातांनी धूत. रोज सकाळी धोतराचा काचा मारून हा जमीनदार माणूस बादली घेऊन बसे आणि यमुनाबाई शेजारी तांब्या घेऊन उभ्या राहत. त्या दोघांच्या संसारात एकत्र केलेलं काम असं तेवढं एकच होतं, असं त्या मला एकदा म्हणाल्या होत्या. पती गेल्यावर त्या स्वतः मोटारीत एकदाही बसल्या नाहीत. मात्र आमच्या डॉक्टरांना दूरदूरच्या खेड्यांत सायकल रेटत जाताना त्यांनी पाहिलं, आणि एक दिवस निरोप पाठवून किल्ली हवाली केली. अट एकच घातली, की रंगाला ओरखडा उमटता कामा नये.

ती अट त्यांनी डॉक्टरांना सांगितली नाही, मला सांगितली. पुरुषांच्या हाताचा त्यांना भरवसा नसावा, किंवा एकाच पुरुषाच्या हाताचा होता आणि तो आता नव्हता. "मोटार सावलीत धुवाची," त्या म्हणाल्या, "उन्हात पत्रा तापते, पानी जागच्या जागी सुकते अन् डाग राह्यते. झाडाखाली उभी करजा नोको, चिंच टपकते, निंबाचा चीक गळते. आंधी वरतून पानी सोडाचं, धुळीले आपल्या पायानं खाली उतरू द्याचं. कोरडं फडकं लावलं का समजजा का वाळूनं घासलं." साबण नाही, रिठा नाही, राखेचं तर नावही काढायचं नाही. दोन बादल्या, एकीत फडकं भिजवायचं, दुसरीत खळबळायचं. टपापासून सुरुवात करून खाली यायचं, हात गोल फिरवायचा नाही, चाकं सगळ्यांत शेवटी आणि त्यांचं फडकं वेगळं. जमिनीवर पडलेलं फडकं त्या दिवसापुरतं बाद. शेवटी मऊ कोरड्या धोतराने टिपून घ्यायचं, पुसायचं नाही, टिपायचं, तान्ह्या लेकराचं अंग टिपतात तसं. धोतरं मालगुजारांचीच होती. ती त्या स्वतः फाडून, घडी करून मला आणून देत.

पहिले काही दिवस मी मनातल्या मनात या सगळ्याला नावं ठेवली. घरात भांडी घासायला बाई आणि मोटार धुवायला बी.ए. झालेली बायको, असं मी यांना ऐकवलंही. यांनी नेहमीप्रमाणे हसून विषय दवाखान्याकडे नेला. पण काम हातात बसलं आणि मनातही कधी जाऊन बसलं ते कळलं नाही. धुळीच्या रंगावरून हे कुठे जाऊन आले ते मला ओळखता येऊ लागलं. तांबडा मुरूम असला की नागभीडची वाट, काळी चिकट माती असली की आतली खेडी, आणि चाकांच्या खोबणीत बारीक पांढरी वाळू असली की वैनगंगेचा काठ. दाराच्या कडेला कधी रक्ताचा वाळका ठिपका असे, कधी कुणा बाईच्या हातातल्या फुटक्या काचेच्या बांगडीचा तुकडा. ते काढताना माझा हात आपोआप सावकाश चाले.

दर अमावस्येला यमुनाबाई मोटार पाहायला येत. पती गेले ती अमावस्याच होती. त्या दिवशी घरात बसवत नाही, असं त्यांचं म्हणणं. बैलांच्या दमणीतून येत, चहा घेत नसत, तडक गोठ्यात जात. मान तिरपी करून रंगावरून नजर फिरवत, मग तळहात फिरवत, आणि "बरं हाय" एवढं म्हणून निघून जात. हे दोन शब्द ऐकेपर्यंत माझा जीव टांगणीला लागलेला असे. त्याला कारणही होतं. आमच्या आधी त्यांनी ही मोटार नात्यातल्या एका लग्नाला दिली होती, आणि तिकडच्या कुणी वऱ्हाड्याने कोरड्या फडक्याने दार पुसलं. एक बोटभर रेघ उमटली. यमुनाबाईंनी मोटार दुसऱ्या दिवशी परत आणवली आणि वर्षभर कुलपात ठेवली. आमच्या बाबतीत तसं झालं असतं तर पावसाळ्यातल्या खेड्यांचं काय झालं असतं, हे मला सांगायला कुणी नको होतं. साप चावलेले, अडलेल्या बाया, तापाने फणफणलेली माणसं, ही सगळी त्या सायीच्या रंगाच्या आधाराने ब्रह्मपुरीपर्यंत पोचत होती. सकाळी फडकं पिळताना मला वाटे, आपण रंग धूत नाही, एक शब्द सांभाळून ठेवतो आहोत.

त्या वर्षी आषाढात डोमाजीची बायको अशीच आली. डोमाजी नागभीडच्या वाटेवरच्या एका खेड्यातला शेतकरी, थोड्याशा बांध्यांमध्ये धान लावणारा. बायको सयाबाई दोन दिवसांची अडलेली. तिला बंडीत घालून तो निघाला, आणि भर दुपारी, चिखलात, जोडीतला एक बैल गुडघे टेकून बसला तो उठलाच नाही. एका बैलावर बंडी ओढत कशी न्यायची? वाटेने कुणी सायकलवाला येत होता त्याने दवाखान्यात निरोप आणला, आणि हे मोटार घेऊन गेले. सयाबाईला तिथून उचलून आणलं, संध्याकाळी ती सुखरूप सुटली, मुलगी झाली. डोमाजी मात्र रात्रभर दवाखान्याच्या पायरीवर बसून होता. बायको वाचली याचा आनंद आणि बैल गेल्याचं दुःख, दोन्ही एकाच चेहऱ्यावर कसं मावत होतं कोण जाणे. दुसऱ्या दिवशी निघताना तो गोठ्यापाशी आला, मोटारीकडे बराच वेळ पाहत राहिला आणि मला म्हणाला, "माह्या बैल बसला अन् हा उठला, डाक्टरीनबाई." मी हसून मान हलवली आणि विसरूनही गेले.

मग श्रावण सरत आला. रोवणं संपून बांध्या हिरव्या झाल्या होत्या, बोड्यांचं, त्या लहान तळ्यांचं, पाणी काठोकाठ आलं होतं, आणि गावभर बैलांच्या झुली, घुंगरं, रंगांच्या पुड्या दिसू लागल्या होत्या. पोळ्याच्या आदल्या दिवशी इकडे बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर ज्या खांद्यावर जू घासलं त्या खांद्याला गरम तूप आणि हळद पळसाच्या पानांनी लावायची, हलक्या हाताने शेक द्यायचा, आणि कानाशी तोंड नेऊन दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण द्यायचं. किती सुंदर रीत! कष्ट करणाऱ्याच्या दुखऱ्या जागेवर वर्षातून एकदा कुणी तरी हात ठेवतं. अशी सोय माणसांसाठीही असती तर, असं मी त्या दुपारी शेजारच्या काकूंशी बोलतही होते. हे घरात झोपले होते, मी काकूंकडे होते, आणि आमच्या गोठ्यात डोमाजी होता.

परत आले तेव्हा गोठ्यातून साजूक तुपाचा खमंग वास येत होता. आत पाहिलं. मोटार पाण्याने निथळत होती. बॉनेट आणि पुढची दोन्ही मडगार्डं हळदीने पिवळीधमक झाली होती, तुपाचे ओघळ दिव्यांपर्यंत आले होते, आणि खाली पळसाची पानं पडली होती. डोमाजी पुढच्या दिव्यापाशी वाकून, अगदी हळू आवाजात म्हणत होता, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

मला पाहून तो ओशाळला नाही की दचकला नाही. उलट सगळं तोंड हसू झालं. "जोडीतला एक गेला ना जी," तो म्हणाला, "गोठ्यात एकाचेच खांदे शेकलो, तं दुसऱ्याची याद आली. मंग म्हटलं, मायी बायको ज्यानं ओढून आनली त्याचे काऊन नाई शेकाचे? पन याचे खांदे कोनते, हे काई मले समजलं नाई. म्हनून दोन्हीकून शेकून देलो."

आता या माणसाला काय बोलायचं? माझ्या जिभेवर चार खरमरीत शब्द तयार होते, ते मी गिळले. तुपाची वाटी त्याच्या हातात होती. त्याच्या घरात तूप काही रोज होत नसावं, आणि झालं तरी ते पोरीच्या आईच्या तोंडी जायला हवं होतं. मी "बरं केलंस" असं काहीसं पुटपुटले. तो उद्या येतो म्हणून गेला आणि मी पदर खोचून बादली उचलली. उद्या पोळा, म्हणजेच अमावस्या. उद्या यमुनाबाई येणार होत्या.

तुपावर पाणी ठरेना. नुसतं ओतलं तर मोत्यांसारखे थेंब होऊन पळे. मग डाळीचं पीठ आणलं, कोमट पाण्यात कालवून हलक्या हाताने लावलं आणि पाण्याने सोडवलं. तूप गेलं, हळद राहिली. एवढ्यात हे उठून आले, आणि शिकलेल्या माणसाला साजेशा आत्मविश्वासाने, मी नको नको म्हणत असताना, अंगाच्या साबणाचा फेस एका कोपऱ्यावर लावून बसले. पिवळ्याचं लालभडक झालं. स्वयंपाकघरात एक दिवसही न घालवलेल्या माणसाला हळदीला साबण लागला की काय होतं हे कुठून ठाऊक असणार? मी नुसतं त्यांच्याकडे पाहिलं, आणि ते मुकाट्याने दवाखान्यात गेले.

पातळावरची हळद जाते ती उन्हाने. हे मला ठाऊक होतं. पण मोटार उन्हात न्यायची नाही हेही ठाऊक होतं, आणि त्यातून आभाळ तर आठवडाभर गच्च भरलेलं. त्या संध्याकाळी मी देवापुढे दिवा लावला तो उद्या ऊन पडावं म्हणून. आणि पडलंही. पोळ्याच्या सकाळी ढग असे काही फाटले, आणि ओल्या झाडांवरून, कौलांवरून इतकं लख्ख ऊन सांडलं की डोळे दिपावेत. नियम बाजूला ठेवून आम्ही मोटार अंगणात उभी केली. मी सारखी पत्र्याला हात लावून पाहत होते, तापतो आहे असं वाटलं की पाण्याची धार सोडत होते, लगेच टिपून घेत होते. आणि हळद जाऊ लागली. आधी लाल कोपरा फिका झाला, मग पिवळा रंग विरत विरत साय वर आली. दुपारपर्यंत डाग असा उरलाच नाही. मी आनंदाने यांना हाका मारल्या. हे धावत आले, वाकले, आणि मान तिरपी करून पाहता पाहता मला खुणेने जवळ बोलावू लागले.

मीही तिरपं पाहिलं. बॉनेटवर, दोन्ही मडगार्डांवर बारीक बारीक रेघा होत्या. एखादी नव्हे, शेकड्यांनी, गोल गोल, एकीत एक गुंतलेल्या. हळदीने त्या झाकून ठेवल्या होत्या. मोटार निथळत होती याचा अर्थ मला तेव्हा लागला. शेकण्याआधी बैलाला धुतात ना! डोमाजीने मोटारीला आधी धुतलं होतं, बैलाला धुतात तसं, धानाच्या तणसाच्या, वाळल्या पेंढ्याच्या, चोळ्याने, अंगातला जीव हातात आणून.

हे म्हणाले, झाडाची फांदी पडली असं सांगू. मी म्हणाले, मीच चुकून कोरडं पुसलं असं सांगते. आमचं काही ठरायच्या आतच फाटक वाजलं. पोळ्याला बैल जुंपत नाहीत, म्हणून यमुनाबाई पायी आल्या होत्या. पांढऱ्या पातळाचा काठ चिखलाने भरला होता, कपाळावर घाम होता. मोटार उन्हात पाहूनच त्यांचा चेहरा बदलला. त्या जवळ गेल्या, मान तिरपी केली. मग तळहात बॉनेटवर ठेवला आणि तो कितीतरी वेळ तिथून हललाच नाही. त्या रडल्या असत्या, ओरडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्यांच्या बोटांखाली एका माणसाचा हात होता, रोज सकाळी फिरलेला, आणि तो आता खरवडला गेला होता. मला त्यांची इतकी दया आली की मोटार जाईल ही भीतीही क्षणभर मागे पडली.

"कोनं केलं?" त्यांनी विचारलं.

मी तोंड उघडलं. पण फाटकातून आवाज आला, "मी केलो जी."

डोमाजी उभा होता. डोक्याला नवं मुंडासं, हातात बेलफुलांची माळ. मालगुजारीणबाईंना पाहून त्याने वाकून नमस्कार केला आणि कौतुकाने सांगू लागला. "तनसानं चांगला घसघस घासलो जी, बैलाले घासतो तसा. मंग शेकलो. आवतन देलो. आता जेवाले न्याले आलो." मी डोळ्यांनी त्याला गप्प करू पाहत होते आणि त्याला ते कळत नव्हतं. त्याने सगळं सांगितलं, बसलेला बैल, चिखल, सयाबाई, पोरगी, आणि खांदे कोणते ते न समजल्याचं. यमुनाबाई त्याच्याकडे पाहत होत्या. सगळं ऐकून झाल्यावर त्या यांच्याकडे वळल्या आणि हात पुढे करून म्हणाल्या, "किल्ली."

यांनी किल्ली दिली. एवढ्याशा धातूच्या तुकड्याबरोबर कितीतरी वाटा आमच्या हातून निसटल्याचं मला दिसलं. नागभीडची तांबडी वाट, नदीकाठची वाळू. पुढच्या पावसाळ्यात कुणाचा तरी बैल असाच चिखलात बसणार होता.

यमुनाबाई मोटारीला वळसा घालून पलीकडे गेल्या. दार उघडलं, आणि पती गेल्यानंतर पहिल्यांदाच आत बसल्या. मग किल्ली खिडकीतून यांच्यापुढे धरली. "चाला. आवतन देल्लं हाय त्यानं. आवतन देऊन उपाशी ठेवाचं का?"

डोमाजी गोंधळला. "पन आज बैलाले जुपत नाई जी," तो म्हणाला.

"कामाले कुठी चालला तो?" यमुनाबाई म्हणाल्या. "जेवाले चालला."

मी मागे बसले, डोमाजी माझ्या शेजारी अंग चोरून. गावाबाहेर पडलो तशी ओल्या धानाची वाफाळ हवा आत शिरली. दोन्हीकडे बांध्यांतलं पाणी उन्हात चमकत होतं, बांधांवर माणसं बैल सजवून उभी होती आणि मोटार जाताना शिंगांना बांधलेली बेगड झळाळत होती. यमुनाबाई समोर पाहत होत्या. वारा त्यांचा डोईवरचा पदर सारखा मागे सारत होता, त्या सारख्या तो पुढे घेत होत्या.

खेड्याच्या अलीकडे नाला भरलेला होता, म्हणून मोटार तिथेच, वाटेवर थांबली. डोमाजीने पलीकडे हाक दिली. गुडघाभर पाण्यातून बायामाणसं आली, त्याचा उरलेला एक बैल झूल पांघरून आला. तो मोटारीच्या शेजारी उभा केला गेला, जोडीला उभा करावा तसा. सयाबाईने कडेवर पोर आणि हातात ताट आणलं होतं. ताटात पुरणाची पोळी, कुंकू, तांदूळ, पाण्याचा गडवा. बैलाची पूजा घरच्या धनिणीने करायची असते. सयाबाईने आपल्या बैलाचे पाय धुतले, त्याला ओवाळलं, घास दिला. मग ताट घेऊन ती वळली ती माझ्याकडे नाही, यमुनाबाईंकडे.

त्या एकदम मागे सरल्या. त्या काळी विधवेच्या हाती ओवाळणीचं ताट कुणी देत नसे आणि ती घेतही नसे. "मी नाई वो," त्या घाईघाईने म्हणाल्या, "डाक्टरीनबाई करन."

सयाबाई तिथेच उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर बंड नव्हतं, उपकाराचा भावही नव्हता, फक्त साधा प्रश्न होता. "पन बैल तं तुमच्या घरचा हाय ना, बाई? मंग पाय दुसरं कोन धुवन?"

नाल्याचं पाणी वाजत होतं. यमुनाबाईंनी ताट घेतलं नाही, पण गडवा घेतला. त्या खाली वाकल्या, पुढच्या चाकावर पाणी ओतलं, चिखल आपल्या पायाने खाली उतरू दिला, मग दुसऱ्या चाकावर ओतलं. फडकं नव्हतं. त्यांनी पांढऱ्या पातळाचा पदर घेतला आणि चाक टिपलं. पदर काळा झाला. मग त्यांनी एक बोट कुंकवात बुडवलं, आणि ज्या मडगार्डावर सगळ्यांत जास्त रेघा होत्या तिथे ते टेकवलं. डोमाजीने पुरणाची पोळी कुठे द्यावी ते न कळून बॉनेटवर ठेवली. पोरांनी हसून टाळ्या पिटल्या आणि डोमाजीच्या बैलाने मान लांबवून शांतपणे ती पोळी खाऊन टाकली. तेव्हा यमुनाबाईही हसल्या. मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. पुढचे दोन दात किंचित पुढे असलेलं ते हसू होतं, फार तरुण.

परतीच्या वाटेवर विचारायचं ते आम्हा दोघांच्याही ओठांवर होतं आणि विचारायची छाती नव्हती. त्यांच्या घरासमोर मोटार थांबली तेव्हा ऊन उतरलं होतं. तिरप्या उजेडात रेघन् रेघ उठून दिसत होती. त्या उतरल्या, बॉनेटपाशी आल्या आणि नेहमीप्रमाणे तळहात फिरवला. आज तो घसरत नव्हता, ठिकठिकाणी अडत होता. किल्ली त्यांनी मागितली नाही. माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "त्या डोमाजीले सांगून ठेवजा. पुढच्या सालच्या पोळ्याले तनस आनू नोको म्हना. मी मऊ फडकं देईन."

आणि पदर सावरत त्या फाटकातून आत गेल्या. हे किल्ली फिरवायचं विसरून तसेच बसून होते. मी त्या बंद झालेल्या फाटकाकडे पाहत राहिले. दर अमावस्येला गेलेल्या माणसाकडे तोंड करून बसणाऱ्या त्या बाईच्या तोंडून 'पुढचं साल' मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.